पंचेचाळीस अंशांवरची वाईन

खानदेशात वाईन चाखण्याच्या मैफलीची मला ठाऊक असलेली सर्वांत जुनी नोंद 1615 सालची आहे, आणि ती मैफल फसली होती. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपुरास पोचला. बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं आणि तिथे बादशहा जहांगीरचा मुलगा परवेझ मुक्कामाला होता. रोने नजराण्यात बाटल्यांची एक पेटी दिली. शहजादे म्हणाले, आपण जरा निवांत ठिकाणी बोलू. आणि आत गेले. वकीलसाहेब बोलावण्याची वाट बघत बाहेर थांबले. भेट काही झाली नाही. शहजादे बोलण्याच्या अवस्थेत राहिले नव्हते.

हा किस्सा आम्हाला मास्तरांनी सांगितला, तोही अण्णांची बाटली उघडण्याच्या बरोबर आधी. मास्तर इतिहासाचे. जगातली कुठलीही गोष्ट फिरवून आमच्या धरणगावाला आणून टेकवण्यात त्यांचा हातखंडा. 1674 मध्ये इंग्रजांनी धरणगावात वखार घातली; त्या काळी सुरतेच्या वखारीत जेवणाच्या टेबलावर इराणातली शिराजची वाईन असे; तेव्हा ती धरणगावातही आली असणारच. 1825 मध्ये लेफ्टनंट औट्रमने भिल्ल पलटण उभारायला घेतली तीही इथेच. तो काय नुसतं ताक पीत होता? मास्तरांच्या या तर्काला पुरावा नाही. पण मैफलीत पुरावा कोण मागतो?

आमचं मंडळ तसं जुनं. जिनिंगवाले अण्णा, डॉक्टर, मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले नाना आणि मी. बाटली अण्णांची. घरभरणीला नाशिकच्या कुणा व्यापाऱ्याने दिलेली, 2009 सालची लाल वाईन. ती त्यांनी लोखंडी कपाटात, खरेदीखतं आणि वहिनींचा शालू यांच्या मधोमध उभी करून ठेवली. वाईन जितकी जुनी तितकी भारी, हे त्यांनी कुठल्यातरी सिनेमात ऐकलं होतं. सोन्याचा भाव चढला की अण्णा कपाट उघडून बाटलीकडेही एक नजर टाकत. जोडीला नानांनी जळगावहून नाशिकची एक ताजी शिराज आणि एक चेनिन ब्लाँ आणली. धरणगावात का नाही आणली, तर दुकानदार ओळखीचा. त्याने पहिला प्रश्न विचारला असता, ‘घरी कोण आजारी आहे?’

प्रश्न अगदीच गैरलागू नाही. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून मिळतो. एका दिवसाचा पाच रुपयांत. नाना बँकेतले, त्यांनी प्रत्येकासाठी परवाना काढला आणि मैफलीसाठी मळ्यात पोचल्यावर सगळ्यांच्या सह्या तपासल्या. डॉक्टरांचं आरोग्यही त्या पाच रुपयांत सुरक्षित झालं. 2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या किराणा दुकानातही वाईन ठेवायला मान्यता दिली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! आमच्या गावाला त्याची काळजी नव्हती. इथे हजार चौरस फूट जागा रिकामी सापडली की आधी तिच्यात सरकी भरतात.

बाटली उघडणं हा स्वतंत्र कार्यक्रम झाला. ताज्या बाटल्यांना फिरकीचं झाकण होतं. अण्णांच्या बाटलीला बूच. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या असतात, म्हणजे बूच ओलं राहतं, फुगून घट्ट बसतं आणि हवा आत शिरत नाही. ही बाटली तर इतकी वर्षं शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखी उभी. बूच वाळून चुरा झालेलं. जिनिंगच्या फिटरकडून आणलेला लांब स्क्रू आणि पक्कड यांनी निम्मं वर आलं, निम्मं आत पडलं. वाईन चहाच्या गाळणीतून तांब्यात काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, जुनी वाईन अशी भांड्यात ओतून घेणं हीच युरोपातली रीत आहे, तळचा गाळ मागे राहतो. तिकडे त्यासाठी काचेचं नक्षीदार भांडं असतं, एवढाच फरक.

गाळ मात्र खरोखर होता. लाल वाईनमधली तुरट द्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि तळाशी बसतात. त्यामुळे जुनी वाईन मऊ लागते आणि तिचा रंग जांभळ्यावरून विटकरीकडे सरकतो. आमच्या तांब्यातली विटकरीच्याही पुढे निघून गेली होती. डॉक्टरांनी पेला तिरका धरला, बॅटरीच्या उजेडात बघितला, गोल फिरवला (थोडी नानांच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडली) आणि नाक आत घालून डोळे मिटले.

“चामडं,” ते म्हणाले. “तंबाखू. ओली माती.”

“पावसात भिजलेली ढेप,” अण्णा म्हणाले. ते खरं जवळचं होतं.

नानांनी एक घोट घेतला आणि परवान्याकडे बघितलं.

तेवढ्यात वहिनी भरताची पातेली घेऊन आल्या. थंडीचे दिवस, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, शेजारी कळण्याची भाकरी. तांब्यावर वाकून त्यांनी नुसता वास घेतला. मिरची यंदाची आहे की गेल्या सालची हे बंद पोत्यावरून सांगणारी ही बाई. म्हणाल्या, “हाई ते आंबट व्हई गयं, भाऊ. कांदा-मिरच्या टाका त्यामा.”

हवा लागली की वाईनचं व्हिनेगर होतं, आणि ते झालं होतं. पण आंबटाखाली एक करपलेल्या साखरेचा, आक्रोडासारखा वास होता. तो कुठून आला यावर चर्चा सुरू झाली आणि मास्तरांना धरणगाव पुन्हा सापडलं. अटलांटिकमध्ये मदेरा नावाचं पोर्तुगीजांचं बेट आहे. तिथली पिंपं जहाजातून उष्ण समुद्र ओलांडून हिंदुस्थानापर्यंत येत आणि न विकली गेलेली परत जात. परत आलेली वाईन बिघडण्याऐवजी अधिक चवदार झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. पुढे जहाजाचा खर्च वाचवून त्यांनी ती बेटावरच तापवायला घेतली. आजही तिथली बरीचशी वाईन पंचेचाळीस ते पन्नास अंशांवर निदान तीन महिने ठेवतात.

“पंचेचाळीस अंश, तीन महिने,” मास्तर उभे राहिले. “मार्च, एप्रिल, मे! अरे, हे बेटावरचे लोक भट्टी लावून जे करतात ते अण्णांचं कपाट फुकटात करतंय!”

क्षणभर आम्हाला धरणगावचं भवितव्य दिसलं. अण्णांनी पत्र्याच्या किती गोदामांत किती बाटल्या मावतील याचा हिशोबही केला. मग डॉक्टरांनी विरजण घातलं: मदेरात ब्रँडी मिसळतात, दारूचं प्रमाण अठरा-वीस टक्क्यांवर जातं, म्हणून ती उकाड्याला पुरून उरते. साध्या वाईनला बारा-तेरा अंशांचं तळघर लागतं. नाहीतर ती शिजते. आणि आपल्याकडच्या बहुतेक वाईन मुरवण्यासाठी केलेल्याच नसतात, तरुणपणीच प्यायच्या असतात. हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं. मग कपाटातली बाटली उघडायचा आग्रह त्यांनीच का धरला, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

मग शिराज उघडली. ती नानांनी फ्रिजमधून काढलेली, कारण ‘रूम टेंपरेचर’ असं कुणी म्हटलं तरी ती खोली फ्रान्समधली, अठरा अंशांची, आपली नव्हे. डॉक्टरांनी पुन्हा डोळे मिटले आणि काळी फळं, जर्दाळू, देवदार वगैरे यादी सुरू केली. वहिनींनी वास घेऊन विचारलं, “यामा मिरे टाकेल शे का?”

आम्ही हसलो. डॉक्टरांनी मोबाइल काढला आणि हसणं थांबलं. शिराजमध्ये खरोखर मिऱ्याचा वास असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये त्याचं कारण शोधलं: रोटंडोन नावाचं द्रव्य, आणि तेच काळ्या मिरीतही आहे. डॉक्टरांच्या यादीत फक्त मिरी नव्हती. त्या रात्रीनंतर मंडळाचं नाक म्हणून वहिनींची बिनविरोध निवड झाली. त्यांनी स्वतः दोन घोट घेतले, चेनिनचे. आणि शेवभाजीबरोबर शिराज पिणाऱ्या अण्णांना सांगितलं की जीभ जळतेय तर बाटली बदला. तेही बरोबर. तिखटावर दारू अधिक जाळते आणि तुरटपणा कडू लागतो. थंडगार, किंचित गोडसर चेनिन भरतावर मात्र अशी बसली की दोन्ही संपल्यावरच आम्ही बोललो.

तांब्यातलं व्हिनेगर वाया गेलं नाही. वहिनींच्या मिरच्या त्यात उत्तम मुरल्या.

तेव्हा खानदेशातल्या वाचकांना विनंती: वाईन आणलीत तर फ्रिजमध्ये आडवी ठेवा, आणि होळीच्या आत संपवा. कपाटात ठेवायला खरेदीखतं पुरेशी आहेत.