प्रश्नही माझा, उत्तरही माझं

पीएचपीची पॅकेजं बसवणाऱ्या कंपोझरसाठी मी लिहिलेल्या प्लगिनमध्ये मला सर्वांत जास्त काय आवडतं, तर त्यातला प्रश्न. ‘आपली जुनी कॉन्फिग फाइल आम्ही बदलावी काय?’ हिरव्या अक्षरांत. त्यातल्या ‘आम्ही’वर मी तर बेहद्द खूश आहे.

पण बिल्ड सर्व्हरवर हे आर्जव ऐकायला असतं कोण? तिथे ‘नो-इंटरॅक्शन’ लावलेलं असतं. म्हणजे घरात कुणी नाही, बेल वाजवू नये. अशा वेळी कंपोझर प्रश्न गिळतो आणि मी लिहून ठेवलेलं डीफॉल्ट उत्तर उचलतो. प्रश्नही माझा, उत्तरही माझं, फाइल तेवढी तुमची! आणि माझा स्वभाव आशावादी, त्यामुळे डीफॉल्ट अर्थातच ‘हो’.

या बाबतीत टीझेडडेटा हे प्रमाणवेळांचं पॅकेज माझा गुरू. डॉकरमध्ये उबुंटूची इमेज बांधताना ‘ॲप्ट-गेट’ला ‘वाय’ देऊन आपण निर्धास्त होतो. पण ते ‘हो’ ॲप्टपुरतं. पॅकेजच्या मनातले प्रश्न डेबकॉन्फ ही डेबियनची यंत्रणा वेगळे विचारते. बिल्ड अडवून टीझेडडेटा विचारतो, आपला खंड कोणता? आशिया. शहर? यादीत कोलकाता आहे, मुंबई नाही. आता बघा, भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ साली. कलकत्त्याने स्वतःची वेळ १९४८मध्ये सोडली. मुंबईने मात्र ३९ मिनिटं मागे राहण्याचा हट्ट १९५५पर्यंत चालवला. घड्याळासाठी भांडलो आम्ही आणि यादीत नाव त्यांचं! डेबियनचा फ्रंटएंड ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ केला की हा प्रश्नच येत नाही, वेळ मुकाट यूटीसी होते. मुंबईचा अपमान तेवढा वाचतो.

चीड येते ती कंपोझरला वगळून स्वतःच प्रश्न विचारणाऱ्या आणि वाट बघत बसणाऱ्या प्लगिनची. एरर नाही, हालचाल नाही. रात्रपाळीची नवी मुलगी थांबलेल्या स्क्रीनकडे बघत आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालते. तिचं काहीही चुकलेलं नसतं. समोर माणूस आहे का, हे कंपोझर प्लगिनला एका ओळीत सांगतो. ती ओळ लिहायचा कंटाळा कुणीतरी केलेला असतो, आणि जागरण तिला.

कंपोझर स्वतः आता शहाणा झालाय. ‘अलाउ-प्लगिन्स’मध्ये नाव नसलेलं प्लगिन आलं आणि विचारायला कुणी नसलं, तर तो कारण सांगून कमांडच थांबवतो. प्लगिनवाल्यांनो, आपणही तेच करू या. उत्तर कमांडच्या पर्यायातून घ्या. ते नसेल आणि फाइलला धोका असेल, तर कोणता पर्याय हवा होता ते छापा आणि शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड देऊन ताबडतोब बाहेर पडा.