शेरा : अनोळखी

सरकारी हिशेबखात्यात 36 वर्षे इमानेइतबारे चाकरी करून, परक्यांच्या तिजोऱ्यांतील दिडक्यांची मोजदाद करता करता स्वतःच्या मस्तकावरील केसांची शिल्लक शून्यावर आणून ठेवलेल्या माझ्यासारख्या गृहस्थाने, साठी उलटल्यानंतर हिमालयातील एका धारेवर सतरंजी अंथरून आकाशातले गरुड मोजीत बसावे, हा योग माझ्या पत्रिकेत कोणत्या ग्रहाने मांडून ठेवला होता ते मला ठाऊक नाही. परंतु त्या ग्रहाचा मुखत्यार माझा पुतण्या होता, एवढे मात्र खात्रीने सांगता येते. “काका, तुम्हांला मोजायची सवय आहे, आणि काकूंना थंड हवा मानवते,” एवढ्या दोनच मुद्द्यांवर त्याने आम्हां उभयतांना मार्च महिन्यात धरमशाळेस नेले.

उत्तरेस धौलाधारची हिमाच्छादित भिंत, दक्षिणेस खाली पसरलेले कांगड्याचे खोरे, आणि मध्ये आमची सतरंजी, अशी बैठक होती. हिवाळा हिंदुस्थानच्या मैदानांत आणि त्याच्याही पश्चिमेस काढलेले स्टेपी गरुड वसंतात या पर्वतभिंतीच्या कडेकडेने पूर्वेकडे सरकतात आणि पुढे कझाकस्तान-मंगोलियाच्या अफाट गवताळ प्रदेशांत जाऊन घरटी करतात. त्या अफाटपणात त्यांची शिरगणती करू म्हटले तर कित्येक तलाठ्यांची हयात सरेल. तेच गरुड इथे चिंचोळ्या वाटेने जात असल्यामुळे जकातनाक्यावर बसल्याप्रमाणे मोजता येतात. 2015 पासून ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून दाखल आहे. तेव्हा दरसाल किती गेले आणि किती परतले याची टिपणे ठेवण्यास केवळ हौसेहून अधिक अर्थ आहे.

गरुड म्हटल्यावर माझ्या मनःचक्षूंपुढे साहजिकच विष्णूचे वाहन उभे राहिले होते. पुतण्याने मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकले की, यांतील पुष्कळ मंडळी बिकानेरजवळच्या जोडबीड येथे, जिथे मेलेली गुरे-उंटे आणून टाकतात तिथे, हिवाळाभर मुक्कामास असतात. यावर आमची सौभाग्यवती गहू निवडावेत तशी आकाश निवडीत असताना मान न वळवता उद्गारली, “अहो, म्हणजे लक्ष्मीसुद्धा नाक धरूनच बसत असेल!”

नावाचाही असाच घोळ. काठमांडूच्या दरबारी इंग्रजांतर्फे असलेल्या ब्रायन हॉजसन यांनी 1833 साली या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या नावास ‘निपालेन्सिस’ हे उपपद जोडले. जन्म गवताळ मैदानात, हिवाळा परदेशी, आणि दप्तरी नोंद नेपाळची! इतक्या विसंगत दाखल्यांवर आमच्या खात्याने कोणाचे निवृत्तिवेतनही मंजूर केले नसते.

प्रवासखर्चाची कथा तर याहून हृदयद्रावक. काही रशियन शास्त्रज्ञांनी या गरुडांच्या पाठीवर ठावठिकाणा संदेशाने कळवणारी यंत्रे बसवली होती. 2019 साली त्यांपैकी एक गरुड उन्हाळाभर कझाकस्तानात संपर्काच्या टापूबाहेर राहिला आणि शरदात थेट इराणात उतरून तिथल्या चढ्या दराने साठलेले सगळे संदेश एकदम पाठवू लागला. मोहिमेची पुंजी आटली आणि अखेर लोकवर्गणी काढावी लागली. पूर्वमंजुरीवाचून परदेशदौरा करून बिल मागाहून पाठवणारा हा पक्षी मला एकदम आमच्याच कचेरीतला वाटू लागला.

मोजणीचे तंत्र मात्र मानण्याजोगे. सकाळी ऊन तापेपर्यंत हालचाल नसते. मग उतारावरची हवा तापून वर चढू लागली की गरुड तिच्यावर स्वार होतात आणि पंखही न हलवता घिरट्या घेत ठिपक्याएवढे होतात. या भोवऱ्यात त्यांना मोजू पाहणारा स्वतःच भोवळ येऊन पडतो. वारकऱ्यांची गणती वाळवंटात करू नये, दर्शनबारीत करावी. तद्वत गरुड वरच्या टोकाला पोहोचून एकामागून एक पूर्वेकडे घसरू लागले, की तिथे त्यांना गाठावयाचे आणि दर डोक्यामागे हातातल्या यंत्राचा खटका एकदा दाबावयाचा.

त्या खटक्यानेच माझी अब्रू घेतली. तिसऱ्या दिवशी पराठे अंमळ अधिक झाल्यामुळे मी यंत्र स्वेटरच्या खिशात टाकून कुशीवर क्षणभर कलंडलो आणि उठून पाहतो तो आकडा सत्तावन्नाने वाढलेला! आकाश निरभ्र, सत्तावन्न गरुड माझ्या खिशातून उडून गेले होते. आमच्या कचेरीत अशी तफावत ‘किरकोळ’ या खात्यात सुखाने नांदली असती. पुतण्याने मात्र आकड्यावर आडवी रेघ मारवून सही घेतली आणि शेरा लिहविला, ‘काका झोपले.’

परंतु त्याच तक्त्यात मला एका रकान्याचे दर्शन घडले: ‘अनोळखी शिकारी पक्षी’. फार उंचावरून जाणारा, उन्हाविरुद्ध काळा दिसणारा, स्टेपी की शाही गरुड याचा उलगडा न होणारा जो असेल, त्याची एक रेघ तिथे ओढावयाची. खुलासा मागितला जात नाही. 36 वर्षांत सरकारचे अक्षरशः शेकडो नमुने मी भरले, पण ‘मला ठाऊक नाही’ असे लिहावयास कोणी अर्धा इंच जागा ठेवलेली पाहिली नव्हती. न ठाऊक असलेल्या गोष्टी आम्ही अगदी पैशापर्यंत बिनचूक लिहीत असू. शेवटच्या दिवशी सायंकाळी एक विशाल पक्षी एकटाच माथ्यावरून गेला. पुतण्या दुर्बिणीशी झटापट करीत राहिला; मी मात्र शांतपणे त्या रकान्यात रेघ ओढली आणि सेवाकाळातील पहिली संपूर्ण सत्य नोंद केल्याचे समाधान अनुभवले.

पुण्यास परतल्यावर महिन्याचा घरखर्च जुळवीत असता चाळीस रुपयांचा मेळ बसेना. मी प्रसन्न मनाने नवा रकाना आखून लिहिले, ‘अनोळखी : 40’. सौभाग्यवतीने वही वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अहो, हे डोंगरावर ठीक होतं. आता चप्पल घाला आणि भाजीवाल्याला विचारून या.”