रनिंग बिल

लष्कराची तयारी यादीने होते आणि घराची आठवणीने. लष्कराच्या यादीत अनुक्रमांक असतो, वस्तूचं नाव असतं, नग असतात, आणि एकदा समोर खूण झाली की त्या वस्तूचा विषय संपला. घरच्या तयारीला असा शेवट नाही. रात्री दिवा मालवून पाठ टेकली की आठवतं, आमसुलं राहिली.

आमची मुलगी लष्करात डॉक्टर आहे. पुण्याच्या एएफएमसीत शिकली, मेजर झाली आणि आता वर्षभरासाठी दक्षिण सुदानला निघाली आहे. तिथे मलाकल नावाच्या गावी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ आहे आणि त्या तळावर भारतीय सैन्याचं हॉस्पिटल आहे. घरात ती एकटी फौजी. बाकी आम्ही सगळे सिव्हिलियन, आणि हे ती आम्हाला विसरू देत नाही. मी घडी घातलेला शर्ट ती उलगडते, पुन्हा घडी घालते, वहीच्या पानाएवढी चौकोनी घडी बॅगेत ठेवते आणि म्हणते, “आई, हे काय सिव्हिलियन काम!” याच हातांनी तिची लंगोटं घडी केली, हे मी बोलत नाही. मेजरशी कोण वाद घालणार?

आमच्या ह्यांनी सगळ्यात आधी नकाशा काढला. मुलीच्या शाळेतला जुना ॲटलास. त्यात तो देशच सापडेना. सापडणार कसा? दक्षिण सुदान जन्माला आला ९ जुलै २०११ रोजी, आणि ॲटलास त्याच्याही आधीचा. मग जुन्या सुदानच्या पोटातून पेन्सिलीने एक रेघ ओढून ह्यांनी स्वतःच एक देश वेगळा केला आणि त्यातल्या पांढऱ्या नाईलच्या काठी एक ठिपका दिला. “हे मलाकल. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ.” हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. कुठल्याही गावाची माहिती रस्त्याच्या अवस्थेवरून देतात.

नकाशानंतर इतिहास सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली भारताने सर्वांत आधी पाठवली ती लढाऊ पलटण नव्हे, डॉक्टरांची तुकडी होती. १९५० साली कोरियाच्या युद्धात साठावी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स गेली होती, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण उत्साह वाढला आणि हे म्हणाले, “आणि आपले सोलापूरचे डॉक्टर कोटणीस! १९३८ साली चीनला गेले. ते तर लष्करातलेही नव्हते, साधे सिव्हिलियन!” मी म्हटलं, “अहो, कोटणीस थोरच. पण उदाहरण देताना जरा परत आलेला माणूस निवडा की.” त्यावर हे गप्प झाले. कोटणीसांना १९४२ साली तिकडेच मरण आलं. शांतारामबापूंचा सिनेमा आम्ही दोघांनीही पाहिला आहे.

तेव्हापासून ह्यांचं वाचन निवडक झालं. आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय जवान अशा मोहिमांवर जाऊन आले, हे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. खालच्या ओळीत, दीडशेहून अधिक जण परत आले नाहीत, असं होतं. ती मी त्यांच्या खांद्यावरून वाचली. वाचलं ते मी बोलले नाही आणि मी वाचलं हे त्यांना कळलं, हेही ते बोलले नाहीत. संसारात इतकी वर्षं काढल्यावर एवढं जमतं.

इकडे बॅगा भरत होत्या. लष्कराकडून आलेल्या वस्तूंचा थाट निराळा. मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, आणि ती निळी टोपी. टोपी मी हातात घेऊन पाहिली. आभाळी निळा रंग, जाड लोकर, पुढे संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह, आतल्या कडेला चामड्याची पट्टी. वाटलं, जगभरची भांडणं सोडवायला जाणाऱ्यांना ओळखायची खूण म्हणून एवढी मऊ वस्तू निवडणारा माणूस भला असला पाहिजे. पीतज्वराच्या लशीचं पिवळं पुस्तकही आलं. लस टोचल्यानंतर १० दिवसांनी ते लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. जन्मभर चालणारं सरकारी कागदपत्र बघून ह्यांना भरून आलं.

माझ्या वस्तूंना असा काही दर्जा नव्हता. मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी आणि साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला, तिहेरी पिशवीत बांधलेला. लेक म्हणाली, “आई, तिथे कुक असतात. आपल्याकडचेच.” मी म्हटलं, “असू देत. त्यांनाही उपयोगी पडेल.” ह्यांनी हुकाचा काटा आणून बॅग टांगली, वजन जास्त भरलं आणि मसाला बाहेर आला. थोड्या वेळाने मी एक जाड पुस्तक बाहेर काढून मसाला आत ठेवला. तिने पुस्तक आत घालून मसाला बाहेर काढला. शेवटी दोन्ही आत गेलं आणि बाहेर पडला तो माझ्याच हातचा स्वेटर. नाईलच्या काठी स्वेटर कशाला, हे मलाही पटलं.

आणि मग देव आले. बातमी पसरली तसे एकेक करून घरी पोचले. मोठ्या जाऊबाईंनी पंढरपूरची तुळशीची माळ दिली. वन्संनी कोल्हापूरहून अंबाबाईचं कुंकू पाठवलं. समोरच्या गल्लीतल्या शिंप्याने, ज्याने तिचे शाळेचे गणवेश शिवले, दर्ग्यातला हिरवा दोरा आणून दिला. तिच्या वर्गमैत्रिणीने वेलंकणी मातेचं चित्र दिलं. कुणी मारुतीचा अंगारा, कुणी गजानन महाराजांचा फोटो. एकालाही नाही म्हणता येईना. मला धास्ती वाटली, आता ही काट्याकडे बोट दाखवणार. पण तिने सगळं एका रिकाम्या औषधाच्या डब्यात नीट लावलं आणि म्हणाली, “राहू दे आई. ड्यूटी रोस्टर लावीन. रोज एकाची पाळी.” फौजेत म्हणे हे नवीन नाही. एकाच छताखाली सगळ्या धर्मांची देवस्थानं असतात, आणि पलटणीसाठी पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मशिक्षक तयार होतात ते एकाच संस्थेत, आपल्या पुण्यात. आमच्या घरात मात्र शैव आणि वैष्णव यांचं एकादशीच्या साबुदाण्यावरून अजून पटायचं आहे.

वन्संचा फोन आला तो नेमका प्रश्न घेऊनच. “कुंकू पोचलं ना? आणि नवस काय बोललीस?”

काहीच बोलले नव्हते. खरं तर नवसात मी कच्ची नाही. दहावीला नारळांचं तोरण, मेडिकलच्या प्रवेशाला अनवाणी चालत जाणं, ह्यांच्या बायपासला पेढे. पण या वेळी देवापुढे बसले आणि वाक्य पुढे जाईना. नवसाला अट लागते. अमुक झालं तर तमुक करीन. पोरगी सुखरूप आली ‘तर’. हा ‘तर’ माझ्या तोंडून निघेना. ज्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मनातही आणायचा नाही, तिची अट घालायची कशी?

ह्यांच्या मते नवस हीच व्यवहाराची रास्त पद्धत. “कंत्राटदाराला काम पुरं होण्याआधी पैसे द्यायचे नसतात. तुमचा नवस म्हणजे फायनल बिल. काम झालं, मोजमाप झालं, मगच रक्कम अदा.” देवाला कंत्राटदाराच्या रांगेत उभं केल्याबद्दल मी रागावले, पण मनात म्हटलं, आजवर मीही तेच करत आले की.

या घोळात मला वाट दाखवली ती शेजारच्या आक्कांनी. आक्का अपशिंग्याच्या. साताऱ्याजवळचं हे गाव, नावातच ‘मिलिटरी’ असलेलं. पिढ्यान्‌पिढ्या घरटी कोणी ना कोणी फौजेत, आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचं स्मारक गावात. आक्कांचे सासरे, नवरा, मुलगा, तिघांनीही वर्दी घातली. म्हणजे या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्या आल्या, बॅगांवर नजर टाकली आणि म्हणाल्या, “ताई, पोरीम्होरं डोळ्याला पदर लावू नगा. गाडी सुटल्यावर काय ते रडा. आन्‌ ह्ये बगा, तुमची पोर जाती म्हंजी तिथनं कुनाचं तरी लेकरू घरला येतंय. त्या आईला इचारा आज काय वाटत असंल.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुकडी बदलते म्हणजे एक जाते आणि एक येते. मलाकलच्या त्या हॉस्पिटलात वर्षभर राबलेली एखादी डॉक्टर आता बॅग भरत असेल, तिची आई कुठे केरळात नाही तर पंजाबात तिच्या आवडीचं काही रांधायची तयारी करत असेल. गेल्या वर्षी त्या आईने जे केलं, ते यंदा मी करतेय. पुढच्या वर्षी कुणी तिसरी करील, म्हणून माझी परत येईल. एकदम मला त्या न पाहिलेल्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

आणि तिथल्या आया? डिसेंबर २०१३ मध्ये त्या देशात यादवी पेटली तेव्हा हजारो माणसं जीव घेऊन याच मलाकलच्या तळावर आश्रयाला आली आणि त्यातली कित्येक वर्षानुवर्षं तिथेच राहिली. सिव्हिलियनांचं रक्षण हे त्या मोहिमेचं पहिलं काम. म्हणजे तिकडेही सिव्हिलियन आणि इकडेही सिव्हिलियन. फरक एवढाच, की निघताना काय बरोबर घ्यायचं याची यादी करायला मला पुरते दिवस मिळाले. त्यांनी कडेवर पोर घेतलं असेल आणि निघाल्या असतील. माझी मेतकुटाची चिंता त्या दिवशी जरा लाजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पालीला गेलो. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. घोड्यावर बसणारा, हाती खंडा धरणारा देव. मोहिमेवर निघणं म्हणजे काय, हे त्याला नव्याने सांगावं लागत नाही. वाटेत मी ह्यांना सांगितलं, की नवस बोलणार नाही, आधीच देणार. तळी भरायची, भंडारा उधळायचा, अन्नदानाला पैसे द्यायचे आणि वर काही मागायचं नाही. हे गाडी चालवता चालवता अस्वस्थ झाले. “ॲडव्हान्स? आणि हमी काय?” मी म्हटलं, “हमी काही नाही.” त्यानंतर बराच वेळ ते फक्त खड्डे मोजत होते.

गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि आभार मानायला लागले. वाटलं होतं, दोन मिनिटांत आटपेल. पण एकातून एक निघत गेलं. लहानपणी ताप डोक्यात गेला होता, ती वाचली. पावसात स्कूटरवरून पडली, गुडघ्यावर निभावलं. क्लासवरून उशीर झाला त्या रात्री एसटीच्या कंडक्टरने थांबा नसताना आमच्या कोपऱ्यावर बेल मारली, आणि ती खाली उतरून घराचं फाटक उघडेपर्यंत गाडी हलू दिली नाही. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही. गणिताच्या बाईंनी फी न घेता शिकवलं. पहिल्या पोस्टिंगला हिमालयात गेली तेव्हा कुणा सुभेदाराने तिला बर्फात चालायला शिकवलं. एवढी कामं झाली होती आणि मी मात्र दर वेळी पुढच्या कामाचं निवेदन घेऊन उभी राहत होते. कपाळाला भंडारा लावून बाहेर आले तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं नव्हतं, पण ते धरायला हात मोकळे झाल्यासारखे वाटले.

पायरीवर बसून हे सगळं ह्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग चेहरा उजळला. “अगं, मग हे ॲडव्हान्स कुठे? हे रनिंग बिल! काम चालू असतानाच, आजपर्यंत झालं त्याचं मोजमाप घ्यायचं आणि तेवढ्याचे पैसे द्यायचे. शंभर टक्के नियमात बसतं.” आणि इतका वेळ खिशात घट्ट धरून ठेवलेलं पाकीट बाहेर आलं. अन्नदानाच्या खिडकीवर त्यांनी हजार रुपये मोजले आणि त्यातले पन्नास परत काढून घेतले. मी डोळे वटारले. म्हणाले, “सुरक्षा अनामत. पाच टक्के. पोरगी आली की देऊन टाकू.” खिडकीतल्या माणसाला यातलं काही कळलं नाही. खंडोबाला कळलं असावं.

श्रद्धा म्हणजे पुढचं सगळं नीट होणारच अशी खात्री, असं मी समजत होते. ती खात्री माझ्याकडे नाही, आक्कांकडेही नाही. त्यांच्याकडे आहे ती झालेल्या कामाची मोजदाद. तिच्या आधारावर त्यांनी तीन पिढ्या दारातून पाठवल्या. मोजायला बसलं की कळतं, आपलं माणूस आजवर किती हातांवरून पुढे आलं आहे. मग पुढेही कुणाचे तरी हात असतील, एवढं म्हणायला फार धाडस लागत नाही.

घरी आल्यावर ह्यांनी जुन्या सवयीने रकाने आखून वहीच केली. नाव, केलेलं काम, तारीख, शेरा. गणिताच्या बाई, कंडक्टर (नाव अज्ञात), लस टोचणारी सिस्टर, आक्का, शिंपी, मलाकलहून परतणारी डॉक्टर. ज्यांना गाठता येईल त्यांना पेढे, इतरांना मनातून नमस्कार. खंडोबाच्या नावापुढे शेऱ्यात लिहिलं, ‘काम प्रगतिपथावर’. पान उलटलं तर एका ओळीत माझंही नाव होतं. पुढे रकाना भरून मजकूर, आणि शेरा कोरा.

मी म्हटलं, “माझं बिल कधी निघणार?”

“तुझी फार जुनी आहेत. मुदतबाह्य झाली.”

“चालेल,” मी म्हटलं, “व्याजासकट वसूल करीन. आधी उठा, बॅगेतलं ते पुस्तक काढा. आमसुलं राहिली आहेत.”