म्हावरा कुठं हाय?

मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात, 1951 पासून, मुंबईची पोरं मासे काचेआडून बघत आली होती. 2015 साली तिथे अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला आणि मासे डोक्यावरून पोहू लागले. त्या बोगद्यातच आमच्या कुटुंबाने ठराव केला, की घरी मासे हवेत आणि तेही अ‍ॅक्रिलिकमध्येच. बोगदा हॉलमध्ये मावत नव्हता, म्हणून दोन फुटी टाकीवर तडजोड झाली.

डोंबिवलीहून आम्ही क्रॉफर्ड मार्केट गाठलं. दारावरचं दगडी कोरीवकाम रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांचं, हे मी सांगेपर्यंत बायको माशांच्या दुकानात पोचून भाव पाडू लागली होती.

दुकानदाराने दोन टाक्यांवर टिचकी मारली. काच टणकन वाजली, अ‍ॅक्रिलिक नुसतंच थपकन. "काच टूटेगा, घिसेगा नहीं. ये टूटेगा नहीं, घिसेगा. बोलो, कौनसा टेन्शन मंगता है?" इतक्या स्वच्छ शब्दांत पर्याय मांडणारा माणूस मला आजवर बँकेत भेटलेला नाही. त्याच जाडीच्या काचेपेक्षा अ‍ॅक्रिलिकचं वजन निम्म्याहून कमी, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. टेन्शन ठरलं.

मग बायकोने टाकी उजेडासमोर धरून सांधे तपासले. काच सिलिकॉनने चिकटवतात. अ‍ॅक्रिलिकच्या कडा मात्र द्रावणाने विरघळवून एकजीव करतात. सांध्यात बुडबुडे दिसले तर ती टाकी परत ठेवायची. भिंती पातळ असतील तर पाणी भरल्यावर त्यांचं पोट सुटतं, म्हणून वर पट्टीही हवी. हे सगळं ती शेजारच्या गिऱ्हाइकालाही समजावत होती. दुकानदाराने शेवटी भाव कमी केला तो आम्ही लवकर जावं म्हणून, असं माझं मत आहे.

परतीला लगेजच्या डब्यात शिरलो. आत कोळणी, पाट्या आणि वास. एकीने रिकाम्या टाकीत वाकून पाहिलं.

"म्हावरा कुठं हाय रं दादा?"

"अजून आणायचाय, मावशी. गप्पी ठेवणार."

"खायाला?"

"बघायला."

डबा मस्जिद बंदरपर्यंत हसत होता. भायखळ्याला गर्दीच्या रेट्यात एक भरलेली पाटी टाकीवरच टेकली. काच असती तर तिथेच तिची उत्तरक्रिया झाली असती. अ‍ॅक्रिलिकने हूं की चूं केलं नाही. फक्त एक ओरखडा उमटला. दुकानदार शब्दाला जागला. पुढे बायकोने बांगडे घेतले आणि पिशवी सोयीसाठी टाकीत ठेवली. आमच्या मत्स्यालयाचे पहिले रहिवासी त्याच रात्री तळले गेले.

बांगड्यांचा वास साबणाने काढायचा नाही, तो माशांना घातक. काचा पुसायच्या फवाऱ्यातला अमोनिया अ‍ॅक्रिलिकला चिरा पाडतो. साधं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

तेव्हा लिफ्ट नसेल किंवा घरात चेंडू उडत असतील, तर अ‍ॅक्रिलिक घ्या; नाहीतर काच बरी. पण टाकी हलकी म्हणून तिपाईवर ठेवू नका, कारण दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकीत सुमारे 57 किलो पाणी बसतं. भांड्यांची घासणी तिच्यापासून लांब ठेवा. आणि टाकीत उपयोगी जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात, तोवर मासे पाहायचे असतील तर लगेजच्या डब्यात बसा.