प्रेरणेला पाच पायऱ्या

व्हीलचेअरवरच्या खेळाडूला प्रेरणादायी व्याख्यानाला बोलावणे ही हल्ली शाळांची आवडती हौस. फ्लेक्स लागतो, शाल-श्रीफळ येते, लेझीम पथक उभे राहते. पाहुणे व्यासपीठापाशी पोचतात आणि मग ध्यानात येते, की वर जायला नुसत्या पायऱ्याच आहेत, त्याही पाच. पीटीचे सर दहावीतली चार दांडगी मुले हाकारतात. पाहुणे खुर्चीसकट वर. टाळ्या! सूत्रसंचालक बाई म्हणतात, ‘इच्छा तिथे मार्ग.’

मार्ग म्हणजे 1 फूट उंचीला 12 फूट लांबीचा रॅम्प; 3 फुटी व्यासपीठाला 36 फूट. एवढी जागा आणायची कुठून? तिथे संस्थापकांचा पुतळा आहे, भोवती कारंजे आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 पासून आहे खरा, पण तो भाषण करत नाही, म्हणून त्याला कोणी बोलावत नाही.

दिव्यांगांचे स्वच्छतागृह मात्र आहे हं. आत मोडके बाक, किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा रजेवर.

दिव्यांग खेळाडूंची दखलही अशीच रेंगाळते. सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. पोहायला 37.33 सेकंद, दखल घ्यायला 46 वर्षे. चिकाटीचे श्रेय सरकारलाही द्यायला हवे.

व्याख्यानाच्या शेवटी प्रश्नोत्तरे. सहावीतली एक मुलगी उठली : ‘सर, तुम्ही आमच्या शाळेत असता तर प्रयोगशाळेत कसे गेला असता? ती दुसऱ्या मजल्यावर आहे.’

मुख्याध्यापकांनी ताबडतोब आभारप्रदर्शन पुकारले.