भूजलाचे ऊर्ध्वगमन आणि त्याचे अनुदान

महाराष्ट्रातील मृद व जलसंधारणाच्या योजनांकडे वळणाऱ्या अभ्यासकाने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती ही की या योजनांत ज्याचे संधारण निर्विवादपणे यशस्वी झाले आहे ते प्रस्तावांचे; माती आणि पाणी यांच्याविषयी मतभेदाला अजून वाव आहे. 1942 चा मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, 1972 च्या दुष्काळातले पाझर तलाव, डिसेंबर 2014 चे जलयुक्त शिवार अभियान अशी ही परंपरा दीर्घ असली, तरी तिचा परिपाक पाहायचा झाल्यास फेब्रुवारी 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेपाशीच थांबावे लागते.

योजनेचे नाव कर्णाला लाजवणारे असले, तरी मागणाऱ्याजवळ किमान 0.60 हेक्टर जमीन असावी आणि त्याच्या गावाची पैसेवारी मागील पाच वर्षांत एकदा तरी 50 पैशांच्या आत आलेली असावी, अशी अट होती. पैसेवारी म्हणजे महसूल खात्याने काढलेला पीक उत्पन्नाचा अंदाज; तो पन्नाशीखाली उतरला की दुष्काळ खरा ठरतो, तोवर तो शेतकऱ्याचा समज असतो. पुढे 2022 मध्ये कमाल अनुदान 50 हजारांवरून 75 हजारांवर गेले, अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे ठरले आणि मागेल त्याला मिळणारे तळे सोडतीत नाव निघेल त्याला मिळू लागले. 2025 मध्ये सोडतही जाऊन प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम लाभ हे तत्त्व आले, आणि नशिबाची जागा मोबाईलच्या रेंजने घेतली.

शेततळ्याची मूळ कल्पना साधी आणि शहाणपणाची आहे. शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी खोलगट जागी अडवावे, ते आत येण्यास इनलेट आणि जादा झाल्यास बाहेर जाण्यास आउटलेट ठेवावे, आणि पावसाने ओढ दिली की त्याच पाण्यावर पीक वाचवावे, एवढाच तिचा आशय. प्रत्यक्षात मात्र द्राक्ष, डाळिंब आणि मोसंबीच्या पट्ट्यांत या शास्त्राने मोठी मजल मारली. चारही बाजूंनी भराव टाकून जमिनीपासून उंच उचललेले, 500 मायक्रॉनचा ‘कागद’ (प्लास्टिकच्या अस्तराला शिवारात याच नावाने ओळखले जाते) अंथरलेले आणि इनलेट नावाचा अडथळा पूर्णपणे टाळलेले तळे तेथे उदयास आले. शेजारच्या वावरातून वाहणाऱ्या पाण्याला या तळ्यात शिरायचे तर आधी भराव चढून यावे लागेल, आणि पाण्याला ती सवय नाही. मग तळे भरण्याचे काम बोअरवेल करते: दिवाळीनंतर मोटार चालू होते, भूगर्भातले पाणी वर येते, कागदावर पसरते आणि त्याची जलसंधारणात गणना होते.

30 मीटर लांब, तितक्याच रुंद आणि 3 मीटर खोल अशा प्रमाणित आकारात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. मे महिन्याच्या उन्हात त्याची पातळी दिवसाला एक सेंटीमीटर जरी उतरली, तरी 900 चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज 9,000 लिटर पाणी आभाळात जाते, म्हणजे साधारण एका लहान टँकरची खेप. आणि तसा टँकर त्याच सुमारास त्याच गावाच्या वेशीवर हंड्यांच्या रांगेपुढे उभा असू शकतो. जमिनीच्या पोटात, जेथे ऊन पोहोचत नाही, तेथे आयते साठलेले पाणी वर काढून उन्हात ठेवण्याच्या या उपक्रमाला बाष्पीभवन अनुदान असे नाव देणे अचूक ठरले असते, पण ते शासन निर्णयात शोभले नसते.

यात शेतकऱ्याला मूर्ख वा लबाड ठरवण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात शेजाऱ्याचे बोअर आपल्याहून दोनशे फूट खोल जाणार हे ज्याला पक्के ठाऊक आहे, रात्रीच्या पाळीत येणाऱ्या विजेवर ज्याची बाग उभी आहे, त्याने सामाईक पाणी वेळीच आपल्या कुंपणात आणून ठेवणे हा व्यवहारच होय. खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद 2009 च्या भूजल अधिनियमात आहे. तिच्याकडे पाहून कोणाची मोटार बंद झाल्याचे मात्र शिवारात ऐकिवात नाही.

खरी मेख तपासणीत आहे. पूर्वसंमती, काम, अक्षांश-रेखांशासह छायाचित्र, मोका तपासणी, म्हणजे अधिकाऱ्याने जागेवर जाऊन केलेली पाहणी, आणि मग बँक खात्यात रक्कम, या क्रमात खड्डा दिसतो, कागद दिसतो, काठोकाठ भरलेले पाणी तर फारच सुरेख दिसते. न उपसलेल्या पाण्याचे छायाचित्र काढता येत नाही. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने वाटले, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला नकार दिला. हिवरे बाजार या गावाने बोअरवेलच्या पाण्यावरील शेतीच थांबवली. ही कामे कोणत्या अक्षांशावर झाली, हे पोर्टलवर कसे चढवावे? अमेरिकेने 1985 च्या कृषी कायद्यानुसार धूपप्रवण जमीन न पेरता गवताखाली ठेवण्याबद्दल शेतकऱ्याला दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने भाडे देण्यास प्रारंभ केला. काही न करण्याचे पैसे येथे मात्र कोणतीही योजना देत नाही.

महालेखापरीक्षकांनी 2020 मध्ये जलयुक्त शिवारचा हिशेब तपासला आणि 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाला फारसे यश आले नसल्याचे नोंदवले. त्यावर चौकशी बसली, सरकार बदलले आणि 2023 च्या आरंभी अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला.

या सर्व व्यवहारात मेंढपाळाचाही विचार झालेला आहे, नव्हे दोनदा झालेला आहे. 2017 पासूनच्या महामेष योजनेत त्याला वीस मेंढ्या आणि एक नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. दुसरीकडे, ज्या माळरानावर हा गट चरायचा, ते सरकारी नकाशात बहुधा पडीक गणले जात असल्याने, पाणी मुरवण्यासाठी त्यावर समतल चर खोदले जातात, चरांच्या कडेने रोपे लावली जातात आणि रोपे जगावीत म्हणून चराईबंदी होते. तेव्हा एका खात्याचा अधिकारी मेंढ्या मोजून घेत असतो आणि दुसऱ्या खात्याचा कर्मचारी त्याच मेंढ्या माळाबाहेर हाकलत असतो, आणि दोघांच्याही छायाचित्रांत त्या स्पष्ट दिसतात.