दहा कमी

हिंगोलीत कडकनाथ कोंबडीची पिल्लं घ्यायची म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, "थांबा, आधी दहा-कमीला विचारा." त्याचं पाळण्यातलं नाव बायकोला आणि जिल्हा परिषदेच्या पगारपत्रकाला तेवढं ठाऊक असावं. बाकी पंचक्रोशीत तो दहा-कमी. दुसऱ्यानं कोणताही भाव सांगितला की याच्या तोंडून बाहेर पडतं, "माझ्याकडून दहा कमीनं न्या." समोरच्यानं घ्यायचं ठरवलेलंही नसतं.

हा व्यापारी असता तर बरं झालं असतं. व्यापाऱ्याला हिशेब असतो आणि नुकसान झालं की त्याला रात्री झोप येत नाही. दहा-कमी शौकीन आहे. पगार महिन्याच्या महिन्याला होतो. कोंबड्या तोट्यात गेल्या काय नि नफ्यात आल्या काय. घरामागं पत्र्याचं शेड, आणि थर्माकोलच्या खोक्यात दोन बल्ब नि एक थर्मोस्टॅट बसवून केलेलं उबवणीचं मशीन. त्यात साडेसदतीस अंशांवर २१ दिवस हा अंडी जपतो. थंडीत रात्री लाईट गेली तर अंगावरची गोधडी मशीनवर टाकून स्वतः कुडकुडत बसतो. पिल्लू फुटलं की तळहातावर घेऊन त्याची काळी चोच नि काळे पाय येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. या प्रेमाला तोड नाही. तोड सुरू होते ती भावापासून.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. २०१८ साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ज्याच्या घरामागं दहा फूट मोकळी जागा होती तो कडकनाथवाला झाला. मांस काळं, हाडं काळपट, तेव्हा अंडंही काळंच असणार म्हणून ते मागायला लोक येत. साधं फिकट बदामी अंडं हातात दिलं की फसवल्यासारखे बघत. पण तेव्हा भाव होता. वसमतकडच्या एक ताई महिन्याचं पिल्लू दीडशेला द्यायच्या, आणि दीडशे का, ते त्यांच्या वहीत लिहिलेलं असायचं. शंभर अंडी ठेवली तर सत्तर फुटणार, त्यातली दहा मरतुकीत जाणार. पहिल्या आठवड्यात लासोटाची लस, दुसऱ्यात गंबोरोची. खाद्याचं पोतं, लाईटबिल. पिल्लामागं शंभराच्या वर खर्च निघायचा. उरेल त्यात पोरीची फी.

दहा-कमीनं ती वही कधी पाहिली नाही. त्यानं नुसता भाव ऐकला आणि म्हणाला, "एकशे चाळीस." ताई नाइलाजानं एकशे चाळिसावर आल्या. याला ते आव्हान वाटलं. "एकशे तीस." मग कळमनुरीचा एक आणि सेनगावचे दोन, असे आणखी पगारी शौकीन आखाड्यात उतरले. साल संपेपर्यंत पिल्लू सत्तरवर आलं.

"अहो, तोट्यात द्यायलात तुम्ही," मी म्हटलं.

"तोटा कशाचा? गिऱ्हाईक माझ्याच दारात आलं ना!"

त्याला पैसा नकोच आहे. त्याला फोन वाजायला हवा आहे. औंढ्याहून कुणी मोटारसायकलवर आलं, "दुसरीकडं महाग होतं, तुमचं नाव ऐकून आलो" म्हणालं, की याचा चेहरा उजळतो. लगेच चहा. त्या चहाची साखरसुद्धा विक्रीतून निघत नाही.

गिऱ्हाईक मात्र शहाणं झालं. पूर्वी ते विचारायचं, नर कुठून आणला, लस दिली का? आता विचारतं, "पुढच्या आठवड्यात किती होईल?" आणि घ्यायचंच थांबतं. मग शेडमध्ये पिल्लं साचतात, खाणं चालूच राहतं, म्हणून पुन्हा दहा कमी. पैसे वाचवायचे कुठं? पहिली कात्री लशीला लागली. नंतर काहींनी कडकनाथात गावरान मिसळायला सुरुवात केली. पिल्लं काळपट निघतात, पण मोठी झाली की तुरा लालभडक होतो. तोवर विकणाऱ्याचा फोन लागत नसतो. दहा-कमीनं ही मिसळ कधी केली नाही, हे मान्य केलं पाहिजे. त्यानं फक्त अस्सल मालाचा भाव मिसळीच्या खाली नेऊन ठेवला. परिणामी लोक म्हणू लागले, एवढं स्वस्त देतो म्हणजे याचाच माल नकली असणार.

ताईंनी अखेर मशीन विकायला काढलं. सहा हजार म्हणाल्या. दहा-कमी गेला, मशीन सगळीकडून निरखलं आणि म्हणाला, "पाच हजार नऊशे नव्वद."

एकदा मी त्याला अजगरांची गोष्ट सांगितली. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं देशी साप घरात पाळता येत नाही. अमेरिकेत मात्र हौशी लोक बॉल पायथन जातीचे अजगर रंगासाठी पैदा करतात. १९९० च्या दशकात त्यातली पांढरी-पिवळी पिल्लं हजारो डॉलरना गेली. मग ज्यानं त्यानं जोड्या लावल्या, शेजाऱ्याच्या खाली भाव लावला, आणि आज तसलं पिल्लू काहीशे डॉलरमध्ये मिळतं. मला त्याला सावध करायचं होतं. त्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "तिकडं कोण हाय आपला माणूस?"

२०२० च्या नोव्हेंबरात बातमी आली, महेंद्रसिंह धोनीनं रांचीच्या फार्मसाठी झाबुआतून दोन हजार कडकनाथ पिल्लं मागवली. हा दोन दिवस धड जेवला नाही. "पेपरवाल्यांनी भाव छापायला पायजे होता. दहा कमीनं रांचीला पोचती केली असती."

जानेवारीत बर्ड फ्लू आला. झाबुआत जिथून ती पिल्लं जायची होती त्या फार्मवरच्या कोंबड्या मेल्या, धोनीचा सौदा तेव्हापुरता बारगळला. इकडं शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि सगळ्या मराठवाड्यानं चिकन सोडलं. पिल्लाला कुणी विचारेना. सेनगावच्या एका शौकिनानं वैतागून मोबाईलवर स्टेटस ठेवलं, 'पिल्लं फुकट. येऊन न्या.'

दहा-कमी दिवसभर कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी त्यानं जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावायला घेतले. "सेनगावला कशाला जाता? माझी न्या. वर पिल्लामागं दहा रुपये मी देतो."

पलीकडून आवाज आला, "वीस देत असाल तर बोला. पंधरा द्यायला कळमनुरीवाला तयार हाय."